दूध संघासाठी डेटाबेस, वेअरहाऊस की डेटा लेक? आधी पावतीची एक ओळ पक्की करा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही एका सहकारी दूध संघाच्या संगणक विभागात आहात. संघाला जवळपास हजार प्राथमिक संस्था दूध घालतात, बिलिंग एका जुन्या ईआरपीतून (संघाचा कारभार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) होतं आणि बाकी सगळे रिपोर्ट एक्सेलमध्ये जुळवावे लागतात. आता एका कंपनीने संचालक मंडळापुढे डेटा लेक (सगळ्या प्रकारचा कच्चा डेटा जसाच्या तसा साठवण्याची जागा), डेटा कॅटलॉग (कोणता डेटा कुठे आहे आणि त्याचा अर्थ काय याची सूची) आणि डॅशबोर्ड असं एकत्र पॅकेज मांडलंय. कार्यकारी संचालकांनी तुमचं मत मागितलंय. तुम्हाला एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) येतं, पण डेटा मॉडेलिंग (कोणती माहिती कोणत्या टेबलात कशी ठेवायची ते ठरवणं) कधी शिकला नाहीत. कोणता कोर्स करू आणि कोणतं टूल सुचवू, असं तुम्ही विचारताय.

माझं बरंचसं काम दूध संघ, साखर कारखाने आणि पतसंस्था यांच्या डेटाबेसवरच झालंय, त्यामुळे उदाहरणं दुधाचीच देतो. मत आधी सांगून टाकतो. तुमच्या कामातली एक ओळ म्हणजे नेमकं काय, हे तुम्ही आणि संकलन विभाग बसून लिहून काढत नाही, तोवर कुठल्याही टूलला होकार देऊ नका. ती ओळ पक्की झाली की डेटा किती येतो, कुठून येतो, किती उशिरा येतो आणि त्यावर कोण काय विचारणार हे सगळं समोर येतं. मग टूलचे पर्याय आपोआप दोन-तीनावर येतात. ओळ पक्की करण्याचं हे कामच डेटा मॉडेलिंगचा गाभा आहे, म्हणून तुमचं शिकणंही तिथूनच सुरू होतं.

संकलन केंद्रावरची साधी पावती घ्या. संस्था, उत्पादकाचा कोड, तारीख, सकाळ की संध्याकाळ, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर, रक्कम. आता एक वाक्य लिहा: ‘एका उत्पादकाने एका संस्थेत एका दिवशी एका वेळेला घातलेलं एका प्रकारचं दूध म्हणजे एक ओळ.’ मॉडेलिंगवाले याला ग्रेन म्हणतात. हे वाक्य घेऊन एखाद्या संस्थेच्या सचिवाकडे जा. तो लगेच विचारेल, सकाळी एक कॅन आणला आणि अर्ध्या तासाने राहिलेलं पाच लिटर आणलं, तर? काही संस्था दोन पावत्या करतात, काही पहिलीच दुरुस्त करतात. दोन पावत्या होत असतील तर तुमचं वाक्य तिथेच मोडलं. ओळ ओळखायला पावती क्रमांकही लागणार. हे उत्तर कुठल्या कोर्समध्ये मिळणार नाही, ते सचिवाकडेच आहे.

यापेक्षा अवघड प्रकरण माणसांचं असतं. एखाद्या मोठ्या संस्थेत ‘सभासद किती?’ असं तिघांना वेगवेगळं विचारून बघा. दूध मोजून घेणारा गेल्या दहा दिवसांत ज्या कोडवर दूध आलं ते मोजतो. हिशेबनीस ज्यांच्या नावावर भाग आहेत ते मोजतो. सचिवाच्या डोळ्यांपुढे निवडणूक असेल तर तो क्रियाशील सभासदांची यादी काढतो. आकडे तीन येतात आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. तुमच्या एक्सेलमध्ये दर महिन्याला जी जुळवाजुळव करावी लागते, तिचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

म्हणून ‘सभासद’ नावाच्या एकाच टेबलात सगळं कोंबायचं नाही. व्यक्ती वेगळी, तिचं सभासदत्व वेगळं आणि दूध घालण्याचा कोड वेगळा. गावात हे नेहमी घडतं: वडील वारले, सभासदत्व वारसाच्या नावावर व्हायला वेळ लागतो, पण म्हशी थांबत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा त्याच ४७ नंबरवर दूध घालतो. नंबर तोच, माणूस दुसरा आणि बँक खातं कदाचित आईचं. नंबर म्हणजेच माणूस असं धरून बांधलेल्या सिस्टीममध्ये वडिलांची पशुखाद्याची जुनी उचल न विचारता मुलाच्या बिलातून कापली जाते आणि पैसे बंद पडलेल्या खात्याकडे निघतात. मी अशा वेळी प्रत्येक व्यक्तीला सिस्टीमचा स्वतःचा, कुठेही न छापला जाणारा क्रमांक देतो. ‘४७ हा कोड या तारखेपासून त्या तारखेपर्यंत या व्यक्तीकडे’ अशी नोंद वेगळ्या टेबलात ठेवतो. बँक खात्यालाही तीच पद्धत. १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली आणि पुढे तिच्या शाखांचे आयएफएससी बदलले. ज्यांनी खात्याला ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ हे दोन कॉलम ठेवले होते, त्यांना जुनं बिल कोणत्या खात्यावर गेलं ते नंतरही दाखवता आलं.

आता दर. पुस्तकाचा नियम पाळताना शिकणारा इथे हमखास अडखळतो, म्हणून जरा थांबून सांगतो. नॉर्मलायझेशन (एकच माहिती दोनदा साठू नये म्हणून टेबलं विभागण्याची पद्धत) शिकवतं की जे पुन्हा काढता येतं ते साठवू नये. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया, त्याच्या वर-खाली पॉइंटला वाढ-कपात असं दरपत्रक असतं; मग फॅट आणि एसएनएफ साठवलं की दर केव्हाही काढता येईल, असं वाटतं. पण दरपत्रक बदलतं, कधी कधी दहा दिवसांच्या बिलाच्या मधेच बदलतं. त्या सकाळी उत्पादकाच्या हातात जो आकडा छापून दिला तो घडून गेलेला व्यवहार आहे. नंतर कुणी दरपत्रकातला एक आकडा सुधारला म्हणून मागच्या महिन्याचं बिल पुन्हा छापताना वेगळं निघता कामा नये. त्यामुळे पावतीच्या ओळीत लागू झालेला दर साठवायचा आणि तो कोणत्या दरपत्रकाच्या कोणत्या आवृत्तीतून आला तेही साठवायचं. दरपत्रकाच्या टेबलात लागू दिनांक हवाच, आणि एकदा वापरली गेलेली ओळ बदलायची नाही. पावतीत चूक सापडली तर खोडायची नाही. उलट नोंद टाकून नवी नोंद करायची. हिशेब विभागाला हे समजावून सांगावं लागत नाही, त्यांच्या कीर्दीत ते पहिल्यापासून असंच चालतं. संगणकाच्या माणसाला मात्र ‘अपडेट’ मारायची सवय असते.

पुढची गोष्ट डॅशबोर्डवाल्यांना हटकून विचारा: फॅटची सरासरी कशी काढता? एका संस्थेचं १०० लिटर गायीचं दूध ४.५ फॅटचं आणि दुसरीचं ९०० लिटर ३.५ चं. बहुतेक टूलमध्ये कॉलम ओढून ‘ॲव्हरेज’ निवडलं की ४.० येतं. खरी सरासरी ३.६ आहे. हजार लिटरमागे हा फरक चार किलो फॅटहून थोडा जास्त होतो, आणि तेवढी फॅट वाटेत कुठे गेली म्हणून टँकरवाल्याकडून खुलासा मागितला जातो. त्याचा यात काहीही दोष नसतो. म्हणून रिपोर्टसाठीच्या टेबलात फॅटची टक्केवारी एकटी ठेवू नका. किलो-फॅट आणि किलो-एसएनएफ ठेवा. किलो बेरजेला येतात, टक्के येत नाहीत. भागाकार सगळ्यात शेवटी, रिपोर्टमध्ये. लिटरचं किलो करताना घनता साधारण १.०३ धरतात, ते रूपांतर संपूर्ण व्यवस्थेत एकाच ठिकाणी होऊ द्या, नाहीतर संकलन आणि प्लँट यांची वाढ-तूट कधीच जुळणार नाही.

तारखेचंही तसंच. डोंगरातल्या संस्थेला संध्याकाळी नेटवर्क नसलं की तिचा डेटा दुसऱ्या दिवशी सकाळी येतो. एकच तारीख ठेवली तर एक तर संकलन चुकीच्या दिवशी पडतं, नाहीतर काल रात्री कार्यकारी संचालकांना (एमडींना) पाठवलेला आकडा आज बदललेला दिसतो आणि का बदलला ते सांगता येत नाही. दूध घातल्याची तारीख-वेळ आणि डेटा संघाकडे पोहोचल्याची तारीख-वेळ असे दोन कॉलम ठेवा. ‘काल रात्री नऊपर्यंत आलेल्या डेटाप्रमाणे’ असं रिपोर्टवर लिहिता आलं की निम्मे वाद मिटतात.

संस्था एका शीतकरण केंद्राकडून दुसऱ्याकडे जोडली जाते तेव्हा काय करायचं, असं तुम्ही ओझरतं विचारलंय. त्यासाठी जिल्ह्यांचं उदाहरण बघा. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं; तिथे फक्त नाव बदललं, हद्द तीच राहिली. अशा वेळी नाव बदलून टाकायचं, कोड तोच ठेवायचा. पण १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला, तेव्हा वसईचे २०१३ चे आकडे कोणत्या जिल्ह्यात दाखवायचे? त्या वर्षीच्या छापील अहवालाशी पडताळायचं तर ठाण्यात, दहा वर्षांची तुलना करायची तर पालघरमध्ये. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, म्हणून मॉडेलमध्ये दोन्ही उत्तरं मिळायला हवीत. तुमच्या संस्थेचं शीतकरण केंद्र बदलणं हे पालघरसारखं आहे. जुनी जोडणी तारखेसह जपा. आणि गाव, तालुका, जिल्हा यांना स्वतःचे कोड तयार करत बसू नका. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला कोड आहे, तो वापरा.

कोडवर एवढा भर देतो त्याला आपल्या लिपीचंही कारण आहे. ‘कऱ्हाड’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतो: एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारा एक जोडक असतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ती दोन वेगळी गावं वाटतात आणि शोध घेताना अर्ध्या संस्था गायब होतात. युनिकोडचं प्रमाणित नॉर्मलायझेशनही (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करण्याची पद्धत; वरच्या टेबलांच्या नॉर्मलायझेशनशी तिचा संबंध नाही) ही दोन रूपं एक करत नाही. त्यासाठी डेटा आत घेतानाच स्वतःचा नियम लावावा लागतो. जुना डेटा श्रीलिपीसारख्या फॉन्टच्या काळातला असेल तर तो आधी युनिकोडमध्ये आणावा लागेल, आणि ते काम वाटतं त्याहून जास्त वेळ खातं. एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस) वापरणार असाल तर नावांचे कॉलम एनव्हारचार (युनिकोड मजकुराचा प्रकार) असू द्या, साध्या व्हारचारमध्ये देवनागरीच्या जागी बहुतेक वेळा प्रश्नचिन्हं उरतात.

इथवर टूलचं नाव आलं नाही, आता येतं. ग्रेन पक्का झाल्यामुळे हिशेब मांडता येतो. हजार संस्था, प्रत्येकीत सरासरी शंभर उत्पादक धरू, दोन वेळा: रोज दोन लाख ओळी, वर्षाला ७ कोटी ३० लाख. एक ओळ शंभर बाइटची धरली तर ७.३ जीबी, इंडेक्स आणि बाकीचं धरून तिप्पट म्हणा, म्हणजे वर्षाला २२ जीबीच्या आसपास. पाच वर्षांचं ११० जीबी. एवढा डेटा पोस्टग्रेसक्यूएल हे डेटाबेस सॉफ्टवेअर टेबलाचे महिन्यावार तुकडे (पार्टिशन) करून एका बऱ्यापैकी सर्व्हरवर आरामात सांभाळतं, आणि त्याला लायसन्सचा खर्च नाही. उत्पादक पातळीचा डेटा संघाकडे येतच नसेल, फक्त संस्था पातळीचा येत असेल, तर दोन वेळा आणि गाय-म्हैस वेगळं धरून रोज चार हजार ओळी, वर्षाला १४ लाख ६० हजार. एक्सेलची शीट १०,४८,५७६ ओळींना संपते, म्हणजे एक वर्षही एका शीटमध्ये मावत नाही. एक्सेलला मी नावं ठेवत नाही. दहा ओळींचा विचार करायला त्याच्यासारखं साधन नाही. पण मर्यादा गाठली की ते काय करतं ते इंग्लंडने ऑक्टोबर २०२० मध्ये पाहिलं. जुन्या एक्सएलएस फाइलची मर्यादा ६५,५३६ ओळींची असल्यामुळे कोविडचे १५,८४१ रुग्ण आकडेवारीत यायचे राहिले आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध लांबला.

मग डेटा लेक कधी? शीतकरण टाकीवरचे सेन्सर दर दहा सेकंदांना तापमान पाठवणार असतील तर एका टाकीच्या दिवसाला ८,६४० नोंदी होतात. पाचशे टाक्यांच्या ४३ लाख २० हजार. त्यात टँकरचं जीपीएस, ॲपवरचे फोटो, प्रयोगशाळेच्या मशीनच्या फाइली आल्या की लेकचा विचार रास्त ठरतो. तरीही मी आधी विचारेन की दहा सेकंदांचं तापमान कुणी बघणार आहे का, की मिनिटाची सरासरी आणि मर्यादा ओलांडल्याची सूचना पुरेल. तुम्ही लिहिलेल्या आजच्या गरजेत यातलं काही दिसत नाही. तुम्हाला हवंय ते एक नीट मांडलेलं रिपोर्टिंगचं डेटाबेस (यालाच छोटं वेअरहाऊस म्हणा): मधे पावतीचं टेबल, भोवती उत्पादक, संस्था, तारीख, दरपत्रक, शीतकरण केंद्र. याला स्टार स्कीमा म्हणतात आणि तो कुठल्याही साध्या रिलेशनल डेटाबेसमध्ये बांधता येतो.

कॅटलॉगच्या टूलबद्दल माझं मत स्पष्ट आहे: सध्या नको. ओपनमेटाडेटा, डेटाहब ही चांगली आणि मुक्त स्रोत साधनं आहेत, पण सभासद म्हणजे कोण हे कोणतंही टूल ठरवून देत नाही. पन्नास-साठ टेबलांसाठी एक सामायिक शीट पुरते: टेबल, कॉलम, मराठीत अर्थ, आणि त्या अर्थाला जबाबदार अधिकारी कोण. शेवटचा रकाना भरून घेणं हेच खरं काम आहे आणि त्याला एमडींची सही लागते. ती शीट वर्षभर जिवंत राहिली तर मग टूलचं बघा.

डॅशबोर्डसाठी परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. ऑफिसात मायक्रोसॉफ्टची लायसन्स आधीच असतील आणि एक्सेलमध्ये मुरलेली दोन-तीन माणसं असतील तर पॉवर बीआय घ्या, त्यांची सवय वाया जात नाही. तालुक्यातल्या पर्यवेक्षकांसकट शे-दोनशे लोकांना रिपोर्ट दाखवायचे असतील तर माणशी लायसन्सचा वर्षाचा खर्च आधी कागदावर मांडा. तिथे मेटाबेस किंवा सुपरसेट ही मुक्त स्रोत डॅशबोर्डची टूल परवडतात. डेटा इकडून तिकडे नेण्यासाठी सुरुवातीला रात्री चालणाऱ्या एसक्यूएल आणि पायथनच्या स्क्रिप्ट पुरतात. आकृत्या काढायला कागद, नाहीतर ड्रॉ डॉट आयओ. असलेल्या डेटाबेसची आकृती डीबीव्हर फुकट काढून देतो. अर्विन किंवा पॉवरडिझायनरसारखी महाग मॉडेलिंग टूल शेकडो टेबलं आणि अनेक टीम असतील तिथे उपयोगी, तुमच्याकडे नाही.

सर्व्हर स्वतःचा की क्लाउडवरचा, हे माणसांवर ठरतं. विभागात डेटाबेस सांभाळणारे दोघं असतील आणि त्यातला एक सोडून गेला तरी बॅकअप परत चढवता येत असेल, तर स्वतःचा ठेवा. तसं नसेल तर क्लाउडवरचं व्यवस्थापित पोस्टग्रेसक्यूएल घ्या, महिन्याचं बिल थोडं जास्त आलं तरी. ॲझ्युअरचं एक केंद्र पुण्यात आहे, एडब्ल्यूएस आणि गूगलचं मुंबईत, त्यामुळे तेच केंद्र निवडलं तर डेटा देशातच ठेवता येतो.

कंपनीच्या सादरीकरणाबद्दल एवढंच सांगेन, की त्यांच्या नमुन्याच्या डेटावर निर्णय घेऊ नका. तुमचा तीन महिन्यांचा खरा डेटा द्या, उत्पादकांची नावं आणि खाती झाकून. तो निवडताना त्रासाचे दिवस मुद्दाम घ्या: बिलाच्या मधे दर बदलला तो आठवडा, एखाद्या संस्थेचे दोन भाग झाले तो महिना, टँकर रात्री बारानंतर पोहोचला तो दिवस. आणि निविदेत लिहून घ्या की सर्व टेबलं, कॉलमच्या वर्णनासह, मागू तेव्हा साध्या फाइलमध्ये मिळतील. करार संपला तरी मिळतील. बॅकअप घेतला एवढं पुरे नाही, दर तिमाहीला तो दुसऱ्या मशीनवर चढवून दाखवावा लागेल. यातल्या पहिल्या अटीला जो आढेवेढे घेतो त्याला मी यादीतून काढतो, बाकी कितीही चांगलं असलं तरी.

आधार आणि बँक खात्याचे क्रमांक रिपोर्टिंगच्या डेटाबेसमध्ये नेऊच नका. ते एका वेगळ्या टेबलात, मोजक्या लोकांनाच दिसतील असे ठेवा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये सुरक्षिततेत कसूर झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. त्याहीपेक्षा, उत्पादकाने विश्वासाने दिलेला क्रमांक पर्यवेक्षकाच्या व्हॉट्सॲपवरच्या एक्सेलमध्ये फिरणं बरोबर नाही.

शिकण्याकडे येतो. तुम्हाला एसक्यूएल येतं, म्हणजे निम्मी वाट झालीय. विषयाचा पाया फार जुना नाही: एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना रिलेशनल मॉडेलचा (माहिती टेबलांत मांडण्याच्या पद्धतीचा) निबंध १९७० मध्ये लिहिला, पीटर चेन यांनी घटक आणि संबंध यांची आकृती १९७६ मध्ये मांडली. आजही याच दोन कल्पना शिकायच्या आहेत. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे डीबीएमएसचे (डेटाबेस व्यवस्थापनाचे) कोर्स मोफत आहेत. त्यातला घटक-संबंध आकृती, फंक्शनल डिपेंडन्सी (एका रकान्यावरून दुसरा ठरणं) आणि तिसऱ्या नॉर्मल फॉर्मपर्यंतचा (नॉर्मलायझेशनच्या तिसऱ्या पायरीपर्यंतचा) भाग नीट करा. स्टार स्कीमा त्यानंतर. उलट क्रमाने शिकलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना रिपोर्ट बांधता येतात, पण मूळ नोंदीत चूक कुठून शिरते ते सापडत नाही. डामा या डेटा व्यवस्थापनाच्या संस्थेची सीडीएमपी ही प्रमाणपत्राची परीक्षा पुढे नोकरी बदलताना उपयोगी पडेल, आजच्या निर्णयाला तिची गरज नाही.

कोर्सच्या जोडीला हा सराव करा. आधी पावतीवरची प्रत्येक गोष्ट मराठी वाक्यात लिहा: एका संस्थेत अनेक उत्पादक असतात, एक उत्पादक एका वेळी एकाच संस्थेत दूध घालतो. प्रत्येक वाक्यापुढे ‘नेहमी?’ असं लिहून ज्याला माहीत आहे त्याला विचारा. दुसरं वाक्य बहुतेक तालुक्यांत खोटं निघेल, हे आधीच सांगून ठेवतो. मग ही वाक्यं पोस्टग्रेसक्यूएलमध्ये टेबलं आणि बंधनं म्हणून उतरवा: फॉरिन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीशी जोड), युनिक (तीच किंमत पुन्हा नको), चेक (ठरवलेल्या नियमात बसावं). आयएफएससी ११ अक्षरांचा असतो आणि पाचवं अक्षर शून्य असतं, एवढं साधं चेकसुद्धा लावा. आता ईआरपीतला तीन महिन्यांचा डेटा त्यात भरा. ज्या ओळी डेटाबेस नाकारेल त्या गोळा करून एकेकीचं कारण लिहा. चार-दोन ठिकाणी डेटा चुकलेला असेल, पण बऱ्याच ठिकाणी तुमचं वाक्य चुकलेलं असेल, आणि ते दुरुस्त करताना जे कळतं ते व्हिडिओ बघून कळत नाही. नाकारलेल्या ओळींची ही यादी जपा. कार्यकारी संचालकांपुढे मत मांडताना तुमच्याकडे याहून ठोस कागद नसेल, आणि कंपनीला विचारायचे प्रश्नही त्यातूनच निघतील.

सगळ्यात आधी एक काम उरका: ईआरपीच्या कंपनीला पत्र पाठवून डेटाबेसला फक्त वाचण्यापुरता प्रवेश मागा आणि टेबलांची यादी मागा. तो मिळाला तर वर सांगितलेलं सगळं तुम्ही विभागातच उभं करू शकता आणि बाहेरून फक्त डॅशबोर्ड आणि गरज पडली तर क्लाउड घ्यावं लागेल. तो नाकारला आणि फक्त छापील रिपोर्टच्या एक्सेल फाइली मिळणार असतील, तर पॅकेजचा विषय बाजूला ठेवून ईआरपीच बदलण्याबद्दल मंडळाशी बोलावं लागेल. त्याचा खर्च आणि वेळ दोन्ही वेगळे. पत्राचं उत्तर आलं की इथे लिहा, आणि जमलं तर टेबलांची नावं टाका, फक्त नावं, डेटा नको. त्यावरून पुढचं बोलता येईल.